मदत हवी आहे: पहिली कादंबरी स्वतःच छापायची आहे, निपाणी-बेळगाव भागात वाचक कसे गाठायचे?

नमस्कार मंडळी. मी निपाणीजवळच्या एका गावची, क्रेडिट सोसायटीत नोकरी करते. रात्री बसून मोबाईलवरच कादंबरी टाइप केलीय, ती एकदाची पूर्ण झाली आणि खरा घोळ आता सुरू झालाय. कादंबरी तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांची आहे, १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनाच्या आगेमागे घडते. आई वखारीतच कामाला होती त्यामुळं ती धूळ, तो खोकला, पगारादिवशी दारात येऊन बसलेला उधारीवाला हे सगळं घरातलंच, शोधायला कुठं जावं लागलं नाही.

पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना पाठवून बघितलं. बहुतेकांचं उत्तरच नाही. एकांनी फोनवर नीट सांगितलं की विषय चांगला आहे पण नवीन लेखिका, त्यात एवढी बोली, खपणार नाही. ते निदान खरं बोलले. मग एका 'तुमचं पुस्तक आम्ही छापतो' वाल्यांचा फोन आला, ७५ हजारांचं पॅकेज, त्यात मला ५० प्रती, ऑनलाइन सगळीकडं उपलब्ध, रॉयल्टी शंभर टक्के वगैरे वगैरे. म्हणजे एक पुस्तक मला दीड हजाराला पडलं की! विकणार कोण विचारलं तर म्हणे मार्केटिंगचं पॅकेज वेगळं.

म्हणून स्वतःच छापायचं ठरवलंय. डेमी साइझ, २४० पानं, म्हणजे छपाईचे सोळा पानी १५ फॉर्म. कोल्हापूरच्या एका प्रेसनं ऑफसेटवर ५०० प्रतींचे ५५ हजार सांगितलेत, ७० जीएसएमचा नॅचरल शेडचा (किंचित पिवळसर) कागद आणि मॅट लॅमिनेशनचं कव्हर, म्हणजे एक प्रत ११० ला. डिजिटलवर १०० च काढल्या तर एक १६५ ला पडते. ५०० स्वस्त पडतात हे कळतं हो, पण पावसाळ्यात आमच्या घरात गठ्ठे ठेवायचे कुठं आणि मुख्य म्हणजे घेणार कोण. पाहुणेच शंभरभर निघतील पण ते काय विकत घेणारेत होय, आत्तापासनंच 'आमची प्रत कधी देतेस' सुरू आहे.

आमच्या भागाचं अजून एक त्रांगडं. आमच्या इथल्या दुकानात मराठी पुस्तकं म्हणजे शाळेची, स्पर्धा परीक्षेची आणि पोथ्या. मी विचारलेल्या कोल्हापूरच्या वितरकाला बेळगाव जिल्हा म्हणजे परमुलूख वाटतो, वर पन्नास टक्के कमिशन. पण इकडं वाचक नाहीत असं कुणी म्हणू नये, कारदगा, कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतनं मराठी साहित्य संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, मांडव गच्च भरतो. आणि त्याच मांडवाबाहेर स्टॉलवर माणसं पुस्तक हातात घेतात, मागं उलटून किंमत बघतात आणि हळूच जागेवर ठेवतात, हे पण बघितलंय.

तर कुणी यातनं गेलं असेल तर सांगा, पहिल्यांदा किती काढू, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मला एकटीला मिळतो का, का प्रकाशनसंस्थाच काढावी लागते, कर्नाटकात राहून कोल्हापूर-गडहिंग्लजला विकलं तर जीएसटीचं काही लफडं आहे का, आणि ॲमेझॉनचं किंडल (ई-पुस्तक) बरं का प्रतिलिपी (मोबाईलवर गोष्टी वाचायचं ॲप). महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ती आपल्या सीमाभागातल्या कुणाला मिळालीय का हे पण सांगा. आणि डीटीपीवाल्यानं (पानं लावून देणाऱ्यानं) मोबाईलवरची युनिकोडची फाइल त्याच्या फॉन्टमध्ये घेतली तर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' सगळीकडं र चा चुराडा झालाय, वर प्रूफ बघणाऱ्या सरांनी माझ्या म्हातारीचं 'मी येतो गं' बदलून 'मी येते गं' केलंय. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात हे त्यांना कसं पटवायचं?

प्रतिसाद १:
ताई, अभिनंदन आधी. मी बेळगावचा, माझा कथासंग्रह मी स्वतःच काढलाय. आयएसबीएन लेखकाला स्वतःच्या नावावर मिळतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करायचा, पैसे पडत नाहीत, फक्त छपाईच्या बरंच आधी करा. पॅकेजवाले 'फ्री आयएसबीएन' देतात तो त्यांच्या नावावर असतो, म्हणजे कागदोपत्री प्रकाशक तेच. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे आणि तुम्ही फक्त पुस्तकंच विकणार असाल तर राज्याबाहेर विकलं तरी नोंदणी लागत नाही. कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुमचाच झाला, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, कोण भीती घालत असेल तर घालू दे. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात, १९५४ च्या कायद्यानुसार छापल्यावर ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते.

अनुदानाचं आधी ठरवा, मग प्रेसला ॲडव्हान्स द्या. ती योजना पहिल्या, न छापलेल्या पुस्तकासाठी आहे, एकदा स्वतः छापलंत की तुम्ही नवलेखिका उरलाच नाहीत! जाहिरात आली की अटी नीट वाचा.

किंडलवर मराठी चालतं, पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी पाहिजे तर केडीपी सिलेक्टमध्ये (ई-पुस्तक फक्त ॲमेझॉनवरच ठेवायची योजना) जावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. आणि सिलेक्टमध्ये गेलात की तोच मजकूर प्रतिलिपीवर ठेवता येत नाही. माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन प्रकरणं प्रतिलिपीवर टाकून लोक काय म्हणतात बघा, किंडलचं नंतर. आमच्या भागातला पन्नाशीचा वाचक कागदावरच वाचतो.

१०० च काढा. ५०० काढून ४०० कॉटखाली ठेवणारे लेखक मी ओळखतो.

प्रतिसाद २:
मी खानापूर तालुक्यातलं एक वाचनालय सांभाळतो. वरच्यांशी सहमत नाही, १०० मध्ये निम्म्या भेट म्हणूनच जातील, मग विकणार काय? २०० तरी काढा आणि भेट कुणाला द्यायची ती यादी आत्ताच करा. किंमत २५० च्या वर नेऊ नका. वाचनालयांना प्रत फुकट पाठवू नका, फुकट आलेली कपाटात जाते, बिल करून पंचवीस टक्के सवलतीत द्या, आम्ही घेतो. संमेलनात स्टॉल महाग पडत असेल तर दोघा-तिघा लेखकांनी मिळून एक टेबल घ्यावं. आणि वखारीत काम केलेल्या बायकांच्या लेकी-सुना हा तुमचा पहिला वाचक, त्यांच्या भिशीत, बचत गटात एक प्रकरण वाचून दाखवा. पुस्तक न घेणारी बाई पण शेजारणीला सांगते.

पोस्टानं पाठवायचं तर १ मे २०२५ पासनं ज्ञान पोस्ट सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोला १०० पर्यंत, वर कर, ट्रॅकिंगसकट. कादंबरी त्यात घेतात का ते काउंटरवर विचारून घ्या. म्हातारीचं वाक्य बदलू देऊ नका. सरांना सांगा संवादाला हात लावायचा नाही, फक्त निवेदन तपासा.

धागाकर्ती:
दादा, काका, दोघांचे आभार. अनुदानाचं हे डोक्यातच आलं नव्हतं, प्रेसवाल्याला सोमवारी ॲडव्हान्स देणार होते, थांबवते. बचत गटाचं पटलं, पण तिथं वाचायला मला धाडस व्हायला पाहिजे, त्यातल्या दोघी-तिघी कादंबरीत आहेत आणि त्यांना अजून माहीत नाही. नावं बदललीत, पण गाव लहान आहे हो. अशा वेळी आधी दाखवायचं का सरळ छापायचं, यावर कुणाचा अनुभव असेल तर तो पण लिहा.