वरच्या गल्लीला पाणी नाही, पाणीपट्टी कुठल्या तोंडानं मागू?

भोगावतीकाठची सूनबाई: नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात आमचं गाव, नदीवर जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), टाकी माळावर. मी पाणीपुरवठा समितीवर आहे. (निम्म्या बायका घ्यायच्या म्हणून नाव घातलं, आता मी बैठकीला जाऊन बोलते, ते काहींना झेपत नाही.) सरकारच्या जलजीवन योजनेतून घरोघरी नळ आले, माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब. पण खालच्या गल्लीत तोटीला थेट मोटारी लावतात, म्हशी धुतात. वर तोटी सोडली की नुसती फुस्स. वसुलीला गेले तर म्हातारी म्हणते, "वाऱ्याचं बिल देऊ व्हय गं?" इकडं वीजबिल थकलंय. मीटर बसवावेत का?

निवृत्त ग्रामसेवक: ताई, मीटर आत्ता नको. पाइपात हवा असली की मीटर हवेनंही फिरतो, म्हणजे म्हातारीचं बोलणं खरंच व्हायचं! आधी दोन्ही गल्ल्यांची वेळ वेगळी करा. टाकी भरलेली असताना पहिलं पाणी वर, खालचा वॉल्व्ह पूर्ण बंद. मग ग्रामसभेत ठराव: मोटार सापडली की नळ तोडायचा. थकबाकीला १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १२९ आहे, मागणीची नोटीस काढता येते. लोकअदालतीतही प्रकरणं ठेवतात. पण पहिल्या नोटिसा सदस्यांच्या घरी जाऊ देत, नाहीतर गाव हसतं.

पाणी सोडणारा: मी हेच काम करतो. नियम समदे सांगतात, पगार माझा दिवाळीला. वॉल्व्हची चावी माझ्याकडं, पण कुणाला किती आटे सोडायचे ते फोनवर ठरतंय. वेळ फलकावर लिवा, म्हंजे फोन आला की मला "फलक बघा" म्हणता येतंय. आणि टीसीएलची, म्हंजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरची, पिशवी तोंड बांधून सावलीत ठेवा. उघडी ऱ्हायली की क्लोरीन उडून जातोय, मग कितीबी टाका, ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन हाय का बघायची चाचणी) पिवळा रंग येत न्हाई.

भोगावतीकाठची सूनबाई: फलकाचं लगेच करते. दर महिन्याचं वीजबिल आणि जमा पाणीपट्टी पण त्यावरच लिहू. पण पहिली नोटीस सरपंचांच्या भावकीतच जातीय हो, काढणार कोण?

निवृत्त ग्रामसेवक: थकबाकीदारांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठराव नावांसकट इतिवृत्तात चढवून घ्या. आम्हा ग्रामसेवकांना तोंडी सांगितलेलं विसरायची सवय असते, कागदावरचं टाळता येत नाही.