विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं: नुसता आकडा शिकवावा का? (सोलापूरच्या चौघांची चर्चा; नावाऐवजी वस्ती दिली आहे)

जुळे सोलापूर: पुतणीला शिकवणीत ‘विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं’ एवढंच लिहून दिलंय. कसं काढलं, त्याची एक ओळ नाही. असं शिकवूच नये. दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह) जितकी लांब, तितकी वेगानं दूर जाते, हे खगोलशास्त्रज्ञ हबलनं 1929 मध्ये दाखवलं. तोच हिशेब उलटा नेला की वय निघतं. त्याच्या अंतरांवरून मात्र ते सुमारे 200 कोटीच यायचं, म्हणजे पृथ्वीवरच्या खडकांहूनही कमी! 1952 मध्ये खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेनं, अंतर मोजायला वापरले जाणारे सेफीड तारे (ठरावीक काळानं तेज कमी-जास्त होणारे) दोन जातींचे असल्याचं सांगितलं, अंतरं दुप्पट झाली आणि वयही. एवढी गोष्ट पोरांपासून का लपवायची?

बाळीवेस: म्हणजे आकडा बदलतोच की ओ! अजूनही एकमत कुठंय? प्लँक उपग्रहाच्या नोंदींवरून विश्वाच्या प्रसरणाचा दर 67 च्या आसपास येतो (दर 33 लाख प्रकाशवर्षं अंतरामागे सेकंदाला इतके किलोमीटर), सेफीड आणि सुपरनोव्हांवरून (स्फोट होणारे तारे) 73. दुसरा धरला तर वय शंभरेक कोटींनी घटतं. मग 1380 ला मार्क कशाचे?

सात रस्ता: अंदाज वेगळा, अंदाजपंचे वेगळं. आपल्याकडचा काळा दगड घ्या. दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांचा. वाहताना बघायला कोण होतं? दगडातल्या पोटॅशियमचा किती आर्गॉन झाला, त्यावरून काढलं. तारकागुच्छांचंही वय निघतं. गुच्छातले तारे जवळपास एकाच वेळी जन्मतात, जड तारे आपलं हायड्रोजन आधी संपवतात. आत्ता किती वस्तुमानाच्या ताऱ्यांचं संपत आलंय ते बघायचं, की गुच्छाचं वय कळतं. सर्वांत जुने 1200-1300 कोटींचे निघतात. यात प्रसरणाचा दर लागतच नाही.

बाळीवेस: आणि एचडी 140283? 2013 मध्ये त्या ताऱ्याचं वय 1446 कोटी आलं होतं. लेक बापापेक्षा मोठा?

सात रस्ता: त्याच मोजणीत 80 कोटी इकडेतिकडे होऊ शकतात असं दिलंय. ते का गाळता?

होटगी रोड: प्लँकनं थेट वय मोजलेलं नाही, हे कुणीच लिहिलं नाही. विश्व 3,80,000 वर्षांचं असताना सुटलेल्या प्रकाशातले, लाखात एक भाग इतके बारीक तापमानाचे फरक त्यानं टिपले. ते कृष्णद्रव्य (न दिसणारं द्रव्य), कृष्णऊर्जा (प्रसरणाचा वेग वाढवणारी ऊर्जा) धरलेल्या मॉडेलमध्ये बसवल्यावर 1380 येतं. मॉडेल चुकलं तर आकडाही हलणार.

जुळे सोलापूर: हलेल, पण 200 कोटींवर जाणार नाही, जुने तारे आडवे येतात. बाळीवेस, परीक्षेत असं विचारा: दर 67 ऐवजी 73 धरला तर वय वाढेल की घटेल, आणि का?

बाळीवेस: या प्रश्नाला मार्क द्या, हरकत नाही. पण वहीत 1380 च्या आधी ‘सुमारे’ नसेल तर माझा विरोध कायम.