मदत हवी आहे: नायिकेला काहीच आठवत नाही आणि मी अडकलेय

मंडळी, एक पॅरानॉर्मल रोमान्स लिहितेय, नायिकेला स्वतःचं नावही आठवत नाहीये आणि तिला जपणारा जो आहे तो माणूस नाही, त्याची सावली पडत नाही एवढंच तिला दिसलंय. स्मृती गेली तरी हाताच्या सवयी बहुतेक वेळा टिकतात ना, म्हणून ती न बघता वेणी घालते आणि शेवटी एक विचित्र गाठ मारते, तश्शीच गाठ त्याच्या मनगटावरच्या दोऱ्याला! इथवर जमलं. पण त्याला सगळं आधीपासून माहितीय आणि तो गप्प, मग हे प्रेम कसलं, फसवणूकच की (मलाच तो आता डोक्यात जायला लागलाय). त्याने खरं कधी सांगावं, ती प्रेमात पडायच्या आधी की नंतर? की तिलाच गाठीवरून कळू दे? प्लीज सुचवा.