मदत हवी आहे: ग्रेडियंट मॅपनंतर रंगात पट्टे पडतात (चित्रसंपादनाचं सॉफ्टवेअर गिम्प, आवृत्ती २.१०)

१२ × १८ इंची प्रिंटसाठी ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे ३६०० × ५४०० पिक्सेलचं अमूर्त चित्र करतोय. क्रम असा: सॉलिड नॉइज (ढगांसारखा करडा पोत), व्हर्ल अँड पिंच (तो पिळणं), ५० पिक्सेल गॉसियन ब्लर (धूसर करणं), शेवटी ग्रेडियंट मॅप, म्हणजे करड्या छटांच्या जागी रंग (गर्द निळा, शेंदरी, हळदी पिवळा). शेंदरी संपून पिवळा सुरू होतो तिथे ठळक पट्टे दिसतात.

८ बिटमध्ये (करड्याच्या ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या) कारण उघड आहे. ब्लरनंतर करडे टोन ९० ते १५० मध्येच दाटतात. त्या ६० पायऱ्या ३६०० पिक्सेलवर पसरल्या की एकेक पट्टा ६० पिक्सेलचा, कागदावर चक्क ५ मिमी. लेव्हल्स ताणून (कॉन्ट्रास्ट वाढवून) उलट पट्टे जास्तच उघडे पडतात. मागाहून १६ बिट करूनही जुन्या पायऱ्या जात नाहीत, म्हणून पहिल्या लेयरपासूनच ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट (कितीतरी बारीक पायऱ्या) ठेवलंय. तरी पुसट पट्टे उरतातच.

सॉलिड नॉइज किंवा ग्रेडियंट मॅप आतल्या आत ८ बिटमध्येच काम करतो का? पट्टे लपवायला बारीक दाण्यांचा नॉइज ग्रेडियंट मॅपच्या आधी द्यावा की नंतर, आणि किती? आधी दिला की पिवळ्यात वाळू सांडल्यासारखं दिसतं, निळ्यात मात्र छान मुरतो. प्रिंटवाल्याला ८ बिट टिफच लागते, तेव्हा ८ बिट करताना डिदरिंगचं (पायऱ्या लपवायला ठिपके विखुरण्याचं) कोणतं सेटिंग वापरता तेही सांगा.