मासेमारीच्या रॉडवर सापाची नक्षी बसवायची आहे, कात चालेल का?

मुळशीकर_पोऱ्या
नमस्कार मंडळी. थोरल्या मेव्हण्याला वाढदिवसाला स्वतः बांधलेला स्पिनिंग रॉड द्यायचा आहे. सात फुटी कार्बन ब्लँक (रॉडची नुसती निमुळती नळी) आणलाय, हँडल बसवून झालंय, गाईड (दोर ओवायच्या कड्या) बांधायचे बाकी आहेत. अमेरिकेतले बिल्डर हँडलच्या वर वीतभर जागेत रॅटलस्नेकची कातडी गुंडाळतात आणि वरून इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारी पारदर्शक राळ) चढवतात, ते बघून डोक्यात किडा वळवळतोय. पौडजवळ आमच्या शेताच्या बांधावर धामणीची अख्खी कात सापडली, पार शेपटाच्या टोकापर्यंत. ती चालेल का? चिकटवायची कशानं? आई म्हणते ती घरात आणायचीच नाही, सध्या गोठ्यात टांगून ठेवलीय.

सर्पमित्र_वारजे
होती तिथं नेऊन ठेव, दादा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. धामण, नाग, घोणस, अजगर सगळे त्यात येतात. कातडीच्या वस्तू विकणं-विकत घेणं म्हणजे सरळ गुन्हा. बाहेरून मागवायचं मनात असेल तर तेही सोड, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातडीच्या आयातीवर २०१७ पासून बंदी आहे. कात म्हणजे साप मारून काढलेली कातडी नव्हे, हे मलाही कळतं. पण उद्या धरणावर कुणी रॉड हातात घेऊन विचारलं, तर मेव्हण्यानं काय तुला फोन लावायचा? वनखात्याला विचारल्याशिवाय तिची वस्तू करू नकोस.

चिलापी_स्पेशालिस्ट
मासा रॉडची नक्षी बघून गळाला लागत नाही भाऊ 😄 तेवढ्या पैशात चांगलं रीळ आलं असतं.

टूलरूमकाका_खडकी
चिलापीवाल्यांकडे लक्ष देऊ नकोस. ज्याला हौस नाही त्यानं बाजारातला रॉड घ्यावा, कुणी अडवलंय?

कायद्याचं वर आलं. पण कायदा नसता तरी मी तुला कात लावू दिली नसती. कात म्हणजे नुसता वरचा पापुद्रा. रंग सापाच्या अंगावरच राहतो, कातीवर उतरते ती फार तर पुसट छाया. शिवाय मोजा उलटा काढावा तशी ती निघते, म्हणजे तुझ्या गोठ्यात टांगलीय तिची आतली बाजू बाहेर आहे. इपॉक्सीत भिजली की पारदर्शक होणार, आणि काळ्या कार्बनवर ढिम्म काही दिसणार नाही. वर खवल्यांच्या कडांखाली हवा अडकेल ती वेगळीच.

मुलाकडे टेक्सासला गेलो होतो तेव्हा शेजारच्या गॅरेजात हे काम जवळून बघितलं. कातडी कमावलेली, ग्लिसरीन मुरवून मऊ ठेवलेली. पोटाकडचे रुंद खवले तो गृहस्थ आधी कापून टाकायचा, मग पाठीची मधली रेघ बरोबर ब्लँकच्या वरच्या अंगाला आणायचा. पण खरी गोम कातडीखाली होती. त्यानं तेवढ्या भागाला आधी हस्तिदंती रंग दिला होता. तो नसता तर ती महागाची कातडी इपॉक्सी लागल्याबरोबर काळवंडली असती.

तेव्हा तू फोटो वापर. पातळ कागदावर लेसर प्रिंट काढ, इंकजेट नको, शाई फुटते. ब्लँकच्या त्या भागाला आधी पांढरा रंग दे आणि पूर्ण वाळू दे. कागद इपॉक्सी पितो आणि जवळजवळ दिसेनासा होतो, टोनर तेवढा पांढऱ्यावर उरतो.

आता कापणं. ब्लँक निमुळता असतो, त्यामुळं आयताकृती तुकडा कधीच बसत नाही, एका टोकाला एकावर एक चढतो. खाली १२ मिमी व्यास असेल तर घेर ३७.७ मिमी. वर १०.५ असेल तर ३३ मिमी. त्या दोन मापांचा समलंब चौकोन काप, नव्या पात्यानं आणि स्टीलच्या पट्टीवर. सांधा खाली, गाईडच्या बाजूला. दोन्ही टोकं दोऱ्याच्या पट्टीखाली जातील, त्यामुळं तिथं अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं चालतं. सांध्यावर अजिबात चालत नाही.

वेगळा गोंद आणू नकोस. रॉड-फिनिशचाच इपॉक्सी पातळ हातानं लाव, चिकटसर झाला की कागद गुंडाळ आणि अंगठ्यानं मधून कडेला हवा काढत जा. हार्डवेअरच्या दुकानातला पाच मिनिटांवाला इपॉक्सी या कामाचा नव्हे, तो पिवळा पडतो आणि रॉड वाकला की तडकतो. बहुतेक रॉड-फिनिश समसमान मापानं मिसळायचे असतात, ते सिरिंजनं मोज. फक्त सिरिंजच्या दट्ट्याला सिलिकॉन लावलेलं नसावं, त्याचा अंश गेला तरी फिनिशवर गोल गोल खळगे पडतात. बुडबुड्यावर तोंडानं फुंकर घालू नकोस, वाफ बसते. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून झर्रकन फिरव, बुडबुडे आपोआप फुटतात. आणि रॉड फिरता ठेवायला मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर पुरते, पुण्यात तपकीर गल्लीत मिळते.

हे सगळं पावसाळ्यात काढू नकोस. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट साय धरते आणि पुढचा हात नीट बसत नाही.

मुळशीकर_पोऱ्या
काका, दंडवत! कात उद्याच बांधावर जाईल, आईही खूश. पण कागदानं रॉड जड किंवा ताठ नाही ना होणार?

टूलरूमकाका_खडकी
हँडलच्या वर वीतभरात ब्लँक वाकतोच किती? पहिल्या गाईडच्या पुढं मात्र नेऊ नकोस. तिथून पुढं इपॉक्सीचा एकेक जादा हात टोकाला जाणवतो.

सर्पमित्र_वारजे
नक्षीसाठी कात्रजच्या सर्पोद्यानात जा. बुधवारी बंद असतं. काचेला लेन्स टेकवून फोटो काढ, म्हणजे तुझंच तोंड त्यात येणार नाही. घोणस घे. पाठीवर काळ्या कडेच्या तपकिरी ठिपक्यांची माळ असते, आणि दोन्ही बाजूंना एकेक. मधली माळ वर ठेवलीस तर सांध्यावर ठिपका तुटायचा प्रश्नच येत नाही.

चिलापी_स्पेशालिस्ट
चेष्टा पुरे, आता कामाचं बोलतो. पुण्यातल्या माणसाच्या रॉडवर साप कशाला? महसीरचे खवले घे की! टॉर खुद्री ही महसीरची जात ब्रिटिश अधिकारी साइक्सनं १८३९ मध्ये जगापुढं मांडली ती आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. एवढा मोठा खवला दुसऱ्या कुठल्या माशाला आहे इथं? आणि त्याचाही फोटोच, मासा पाण्यात परत.

टूलरूमकाका_खडकी
हे पटलं बुवा. पोरा, महसीर घेणार असशील तर खाली पांढरा नको, फिकट सोनेरी दे. आणि खवल्यांची रांग हँडलकडून टोकाकडे जाऊ दे, उलटी लावलीस तर मेव्हणा पहिल्यांदा तेच बघेल.

मुळशीकर_पोऱ्या
मेव्हणा पवनेवर महसीरच्याच मागं असतो, त्यामुळं ठरलं. काका, सोनेरी म्हणजे स्प्रेचा डबा चालेल का ब्रशनं द्यावा?

टूलरूमकाका_खडकी
स्प्रे. दोन पातळ हात, हँडलला मास्किंग टेप लावून.