डाव्या मनगटाचं दुखणं गेलं, पण दोन हातांचा बॅकहँड परत येईना

डावखुरी_नाही (कोल्हापूर)

हे नाव का घेतलं ते आधी सांगून टाकते. मी टेनिस उजव्या हातानेच खेळते. डावं मनगट दुखावलंय म्हटलं की आत्यापासून वर्गातल्या पोरींपर्यंत सगळ्यांचं एकच, "मग उजव्यानं खेळ की!" दोन हातांच्या बॅकहँडमध्ये, म्हणजे माझ्या डाव्या बाजूच्या फटक्यात, निम्म्याहून जास्त काम डावाच हात करतो, हे इतक्यांदा सांगून झालंय की आता मी नुसती मान हलवते.

वय १७, बारावी कॉमर्स. एप्रिलमध्ये एका स्पर्धेत तिसऱ्या सेटला ४-४ असताना खूप बाहेरचा, खाली राहिलेला बॉल मी उशिरा गाठला आणि मनगट खाली पाडून तो उचलायला गेले. करंगळीच्या बाजूला आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. तरी मॅच पूर्ण केली. जिंकले पण. तो मूर्खपणा माझाच, कुणाला दोष नाही.

एमआरआयमध्ये करंगळीकडच्या टेंडनला सूज निघाली, फाटलेलं काही नाही. ऑपरेशन लागलं नाही. ६ आठवडे स्प्लिंट, मग फिजिओ, ऑगस्टच्या शेवटी रॅकेट हातात. सप्टेंबरमध्ये डॉक्टर म्हणाले, बिनधास्त खेळ.

गोची तिथूनच सुरू झाली. तेव्हापासून ४ स्पर्धा खेळले, एक मॅच जिंकले, तीही समोरचीच्या पायात गोळे आले म्हणून. मागच्या आठवड्यात पुण्यात २-६, १-६ हरले. जिच्याकडून हरले तिलाच मी गेल्या डिसेंबरमध्ये ६-१, ६-२ ने हरवलं होतं. दुसऱ्या सेटमध्ये तिची मम्मी जाळीबाहेरून हाताने खुणा करत होती, डावीकडे टाक, डावीकडे. म्हणजे आता मम्मी लोकांनासुद्धा कळलंय.

बाबांनी मॅच मोबाइलवर घेतली होती. परत येताना एसटीत, साताऱ्याच्या अलीकडे, मी ती स्लो करून बघितली. बॉल गटिंगला (रॅकेटच्या जाळीला) लागायच्या आधीच माझ्या डाव्या हाताची चार बोटं उघडलेली. हँडलला फक्त अंगठा टेकलेला. मला पत्ताच नाही! मी आपली समजत होते की दोन्ही हातांनी मारतेय.

दुखत नाही, खरंच. प्रॅक्टिसला सर बास्केटमधून बॉल देतात तेव्हा ५० मधले ४० आत जातात. मॅचमध्ये तेच बॉल नेटमध्ये नाहीतर सर्व्हिस बॉक्समध्ये आखूड. सर म्हणतात, "डोक्यातलं आहे तुझ्या, काढून टाक." कसं काढायचं ते काही सांगत नाहीत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, ही बोटं परत कशी मिटवायची? दोन, डिसेंबरच्या स्पर्धा खेळू की सोडू? गेल्या डिसेंबरचे पॉइंट आता गळणार, मग मेन ड्रॉमध्ये थेट एन्ट्री विसरा, पुन्हा क्वालिफाइंगच्या मॅचेस जिंकून आत यायचं. फेब्रुवारीत बारावी. आणि पुण्याची एक फेरी म्हणजे एसटी, राहणं, एन्ट्री धरून बाबांचे चार-पाच हजार जातात. ते कधी बोलून दाखवत नाहीत, म्हणून जास्त लागतं.

बेसलाइन_बंड्या

हार मानू नकोस! नदालला बघ, किती वेळा परत आला. मनात आणलं तर सगळं होतं.

नाशिकची_फिजिओ

बंड्या, नदालला बघून मनगटं बरी होत असती तर आमची दुकानं बंद झाली असती.

अगं मुली, तुझं मनगट मी पाहिलेलं नाही, त्यामुळे हे निदान समजू नकोस. पण "डोक्यातलं आहे" या वाक्याची मला चीड आहे. हात पाच महिने एक गोष्ट शिकला: रॅकेट खालून वर येताना, मनगट करंगळीकडे झुकलेलं असताना, बॉलचा धक्का बसला की दुखतं. आता दुखत नसलं तरी तो त्या क्षणी आधीच सुटका करून घेतो. तू ठरवून करत नाहीस, म्हणून ठरवून थांबवताही येत नाही.

प्रॅक्टिसमध्ये का होत नाही, तर बास्केटचा बॉल कमरेइतका येतो, तू आधीच पोचलेली असतेस. मॅचमध्ये येतो तो एप्रिलवाला बॉल. म्हणून पहिलं काम: तोच व्हिडिओ पुन्हा बघ आणि प्रत्येक बॅकहँड लिहून काढ. बॉल किती उंचीवर होता, तू थांबून मारलास की धावत, बोटं उघडली की नाही. सरसकट "बॅकहँड गेला" म्हणू नकोस, नक्की कुठला गेला ते बघ.

दुसरं, घरी आंघोळीचा टॉवेल ओला करून पीळ. दोन्ही दिशांना. एका दिशेला डावा हात कचरत असेल किंवा करंगळीकडे चमक येत असेल, तर "दुखत नाही" हे पूर्ण खरं नाही. मग आधी डॉक्टरांकडे जा आणि दोन्ही हातांची पकड यंत्रावर मोजून घे. टेबलावर मनगट फिरवून बघणं वेगळं आणि ३०० ग्रॅमची रॅकेट जोरात फिरवणं वेगळं.

डबाभर तांदळात मूठ खुपसून बोटं उघडायची-मिटायची, हा व्यायाम कुणी सांगितला होता का? स्वस्त आणि मस्त. रोज तीनदा, दमेपर्यंत, दुखेपर्यंत नाही.

आणि गटिंग कुठलं आहे? पॉलिएस्टर असेल तर सध्या काढ, ते कडक असतं, हाताला धक्का जास्त बसतो.

लाल_मातीचे_काका

बाळा, मी तीस वर्षं क्लबात फुकटचे सल्ले देत आलोय, हाही त्यातलाच धर.

तुझी केस वाचून डेल पोत्रो आठवला. अर्जेंटिनाचा, साडेसहा फुटी. २००९ ला फेडररला हरवून यूएस ओपन घेतलं ते सगळ्यांना ठाऊक. पण त्याचं डावं मनगट गेलं, आणि तोही तुझ्यासारखाच उजव्या हाताचा, दोन हातांच्या बॅकहँडवाला. २०१४ मध्ये एक ऑपरेशन, २०१५ मध्ये आणखी दोन. फेब्रुवारी २०१६ मध्ये डेलरे बीचला परतला तेव्हा त्याचं रँकिंग हजाराच्याही पलीकडे होतं.

त्या वर्षीचं रिओ ऑलिंपिक. आपल्याकडे पहाट होती, घरचे झोपलेले, मी आवाज बंद करून बघत बसलेलो. पहिल्याच फेरीत समोर जोकोविच, नंबर एक. गड्याचा बॅकहँड बघवत नव्हता. दोन हातांनी मारायचं तर हळूच ठेवून द्यायचा, बाकी सगळं एका हाताने स्लाइस, म्हणजे नुसतं कापून मारणं. जोकोविच पुन्हा पुन्हा तिथेच टाकतोय. आणि हा काय करत होता? स्लाइस इतका खाली ठेवायचा की पुढचा बॉल जरा उचलून यावा, आणि आला की फोरहँडचा दणका. ७-६, ७-६. दोघांच्याही डोळ्यांत पाणी. पुढे फायनलला मरेकडून हरला, रौप्य घेऊन गेला. त्याच नोव्हेंबरात झाग्रेबला डेव्हिस कप फायनलमध्ये चिलिचविरुद्ध दोन सेट मागून येऊन जिंकला. २०१८ मध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत चढला.

बॅकहँड बरा व्हायची वाट बघत तो बसला नाही, एवढंच सांगायचंय. तू स्लाइस शीक. खाली राहणारा, बाहेरचा बॉल आला की बिनदिक्कत एका हाताने काप. बोटं उघडतायत ना? मग उघडू देत.

डावखुरी_नाही

ताई, काका, खूप थँक्यू. टॉवेल आज पिळते.

काका, स्लाइस मी मारतेच, पण माझा तरंगतो. पोरी पुढे येऊन तो हवेतच मारतात. आणि खरं सांगू? स्लाइस मारताना मला हायसं वाटतं, तेच मला आवडत नाही. चांगला बसला म्हणून नाही, दुसरा मारावा लागला नाही म्हणून हायसं वाटतं.

ताई, गटिंग पॉलीच आहे, ५५ पौंडांवर ताणलेलं. सगळ्या पोरी तेच वापरतात म्हणून.

पौंडात_बोला (पुणे)

स्लाइस मारताना हायसं वाटतं, ही ओळ तू लिहिली नसतीस तर मी गप्प बसलो असतो.

मी ज्युनिअर खेळायचो, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. सोळाव्या वर्षी कोपर गेलं. परतल्यावर मलाही असंच सांगितलं होतं, सध्या स्लाइसवर भागव. भागवलं. सहा महिन्यांनी स्लाइस मस्त झाला आणि दोन हातांचा बॅकहँड विसरलो तो कायमचा. नंतर प्रत्येक बॉलला वळसा घालून फोरहँड मारायला पळत होतो, उजवी बाजू सताड उघडी. काकांचं चुकीचं नाही, पण ते डेल पोत्रोच्या फोरहँडबद्दल बोलतायत. तो फोरहँड तुझ्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नव्हता.

आणि सगळे डेल पोत्रोसारखे परत येतात असंही नाही. ऑस्ट्रियाचा थीम बघा. २०२० ला यूएस ओपन जिंकला, जून २०२१ मध्ये मायोर्काला उजवं मनगट गेलं. मार्च २०२२ मध्ये परतला, पण एटीपीवर, म्हणजे पुरुषांच्या मुख्य टूरवर, पहिली मॅच जिंकायला जुलै उजाडला. पुढे मॅचेस जिंकला, पण आधीचा तो फोरहँड काही दिसला नाही. २०२४ मध्ये ३१ व्या वर्षी थांबला. तुला घाबरवत नाहीये. चार स्पर्धांत एक मॅच हा हिशेब धरून स्वतःला निकालात काढू नकोस, एवढ्यासाठी सांगतोय. ग्रँड स्लॅम जिंकलेल्या माणसालाही महिनेच्या महिने लागले.

आता कामाचं. माझ्या कोचने जे फार उशिरा सांगितलं ते तू आत्ताच कर. फक्त डाव्या हाताने फोरहँड मार. रॅकेट वरून, गळ्याजवळ धर, लहान मुलांचे मऊ बॉल घे, सर्व्हिस लाइनच्या आतून. दोन हातांचा बॅकहँड म्हणजे डावखुऱ्याचा फोरहँडच, उजवा हात नुसता सोबतीला. एकट्या हातात रॅकेट असली की बोटं उघडता येत नाहीत, रॅकेट पडेल ना! आधी कमरेच्या उंचीवर, मग गुडघ्याच्या, मग एक पाऊल धावून. शेवटी तो तुझा एप्रिलवाला बॉल, पण मऊ.

डिसेंबरबद्दल: सिंगल्स सोड, डबल्स खेळ. अर्ध्या कोर्टाचीच काळजी. सुरुवातीला उजव्या बाजूला उभी राहा, म्हणजे रिटर्नला बाहेरचा बॉल फोरहँडवर येईल. मनगट साथ द्यायला लागलं की डावी बाजू माग. तिथे बाहेरची सर्व्हिस बॅकहँडवरच येते, पळवाट नाही. मॅचचा ताण तोच, पण दिवसाला ओझं कमी. आपला युकी भांब्री २००९ चा ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनिअर चॅम्पियन, सिंगल्सच्या रँकिंगमध्ये ८३ पर्यंत गेलेला. गुडघ्यापायी दोन वर्षांहून जास्त बाहेर, आणि पुढे डबल्समध्येच रमला. तू कायमची डबल्सवाली हो म्हणत नाहीये, १७ व्या वर्षी ते ठरवायचंही नसतं.

लाल_मातीचे_काका

मान्य. माझ्या सल्ल्यात फोरहँडची किंमत धरायची राहिली. पण स्लाइस तरंगतो म्हणालीस त्यावर एकच: रॅकेट वरून खाली कापू नकोस, पुढे ढकल, आणि डावा हात मागे सोडून दे. खांदा उघडला की बॉल वर जातो.

डावखुरी_नाही

दहा दिवसांनी लिहितेय, सराव परीक्षा होती.

व्हिडिओची वही केली. पूर्ण मॅचमध्ये दोन हातांचे ३१ बॅकहँड. बोटं उघडली ती १४ ला. त्यातले १२ गुडघ्याखालचे किंवा धावत मारलेले. खांद्याइतक्या उंच बॉलला एकदाही नाही! म्हणजे माझा बॅकहँड गेलेला नाही, त्यातला एक गेलाय. ही वही सरांना दाखवली. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "उद्यापासून मी खाली बसून फीडिंग करतो." सॉरी वगैरे नाही, पण खरंच बसले, बास्केट उलटी करून तिच्यावर, आणि चाळीस मिनिटं घोट्याइतके बॉल दिले.

टॉवेल मात्र ताईंनी सांगितला तसाच निघाला. एका दिशेला काही नाही, दुसऱ्या दिशेला करंगळीकडे बारीक चमक. मी खोटं बोलत नव्हते, तसं पिळून कधी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. नवीन काही नाही, पण डाव्या हाताची पकड बरीच कमी भरली. मी उजव्या हाताची असले तरी इतका फरक नको, म्हणाले. तीन आठवडे खालचे बॉल मोजून, बाकी चालू.

डिसेंबरमध्ये डबल्सच. पार्टनर इचलकरंजीची, तिला फोरहँड आवडतो, त्यामुळे डावी बाजू आत्ताच माझ्या गळ्यात पडतेय. बघू. सिंगल्सचे पॉइंट जातायत तर जाऊ देत. बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग जानेवारीत क्वालिफाइंगची फी आठवणीनं भरूया."

डाव्या हाताचा फोरहँड मजेशीर आहे. बाजूच्या कोर्टवरची आठ वर्षांची पोरं माझ्याकडे बघून हसतात, कारण त्यांचा माझ्यापेक्षा बरा बसतो.

तांदळाच्या डब्यावरून घरात भांडण झालंय. मी नकळत इंद्रायणीत हात घातला, आईने दुसऱ्या डब्यात रेशनचा काढून दिला आणि वर चिठ्ठी चिकटवली, "टेनिस".

आता गटिंग. पॉली काढून मऊ मल्टिफिलामेंट घालतेय. दुकानातले काका विचारतात, किती पौंड? ५५ वरून ५० की ५२?

पौंडात_बोला (पुणे)

५०. बॉल लांब जायला लागले तर पुढच्या वेळी वाढव.

नाशिकची_फिजिओ

५०. आणि तो टेनिसचा तांदूळ भातात जाणार नाही एवढं बघ.