प्रतिसाद: हंगेरियन क्रियापदांचे प्रत्यय

वरच्या प्रतिसादात हंगेरियनमधले प्रयोजक (दुसऱ्याकडून काम करून घेणे दाखवणारे) प्रत्यय म्हणजे आपल्या ‘करणे-करवणे’चाच प्रकार, असे म्हटले आहे. ते पटण्यासारखे आहे, पण एक महत्त्वाचा फरक त्यातून सुटतो. मराठीत ‘-व’ हा प्रत्यय दुसऱ्याकडून काम करून घेणेही दाखवतो (‘त्याच्याकडून करवले’) आणि शक्यताही (‘मला करवत नाही’). हंगेरियनने या दोन कामांसाठी वेगळे प्रत्यय राखले आहेत, आणि म्हणूनच ते एकापुढे एक जोडता येतात. ‘ओल्वॉश’ म्हणजे वाचतो, ‘ओल्वॉशतॉत’ म्हणजे वाचायला लावतो, ‘ओल्वॉशहॉत’ म्हणजे वाचू शकतो आणि ‘ओल्वॉशतॉतहॉत’ म्हणजे वाचायला लावू शकतो. हा क्रम उलटा करता येत नाही; काळ आणि पुरुष दाखवणारे प्रत्यय ‘हॉत’नंतरच येतात. धातूतले स्वर पुढच्या जातीचे (‘ए’सारखे, जीभ पुढे आणून उच्चारायचे) असले, की स्वरसंवादामुळे, म्हणजे प्रत्ययातला स्वर धातूतल्या स्वरांशी जुळवून घेण्याच्या नियमामुळे, ‘हॉत’चे ‘हेत’ होते. म्हणून ‘बेसेल’ (बोलतो) पासून ‘बेसेलहेत’.

याच भाषेतला ‘-गॉत/-गेत’ मला विशेष लोभस वाटतो. तो क्रिया सावकाश, अधूनमधून चालल्याचे सुचवतो: ‘ओल्वॉशगॉत’ म्हणजे निवांत चाळत वाचणे, तर ‘बेसेलगेत’ म्हणजे गप्पा मारणे. शिवाय नामापासून क्रियापद घडवायला ‘करणे’सारखे सहायक क्रियापद लागत नाही. आपण समाजमाध्यमांवर ‘लाइक करतो’, तिथे ‘-ओल’ जोडून थेट ‘लायकोल’ होते, आणि ‘कावे’ म्हणजे कॉफीपासून ‘कावेझिक’, कॉफी पितो.